नाकवाल्यांच्या घरचा अभिप्राय

नाकवाल्यांनी काडी ओढून पाइपला लावली, दोन झुरके घेतले आणि कान स्वयंपाकघराकडे लावले. आतून काहीच आलं नाही. समोरच्या खुर्चीत कारखान्याचे मालक स्वतःचा पाइप भरून बसले होते आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"बोला, नाकवाले!"

"जरा धूर मुरू दे, साहेब," नाकवाले म्हणाले. त्यांना घाम फुटला होता.

नाकवाले म्हणजे कारखान्यातले तंबाखूपारखी. पाइपचं कुठलंही मिश्रण त्यांनी ओढून पसंत केल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. पण खरी गोष्ट अशी, की मागे एका जबरी सर्दीत त्यांचा वास जो गेला, तो परत आलाच नाही. आता त्यांच्यापुढे गुलाब धरा नाहीतर रॉकेल, त्यांना दोन्ही सारखंच. आणि पारख्याला वास येत नाही म्हटल्यावर त्याला कामावर कोण ठेवणार?

तरी निभत होतं, ते बायकोच्या कृपेने. नवं मिश्रण ते घरी आणत आणि खिडकीशी बसून ओढत. बायको आतून ओरडे, "अहो, मनुका करपवताय का?" दुसऱ्या दिवशी नाकवाले कारखान्यात गंभीर चेहऱ्याने सांगत, "गोडवा उत्तम आहे, पण पान फार सुकलंय." ती म्हणे, "ओलं कुत्रं शेकताय का?" ते सांगत, "मातकटपणा जास्त झाला. अजून मुरायला हवं." मालक मान डोलवत आणि तसं करून घेत. बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आपली नवऱ्याच्या धुराची मनापासून चीड होती.

आज मात्र घात झाला. मालकांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने मिश्रण केलं होतं. पाइपच्या तंबाखूत त्यांनी सिगारचं पान बारीक चिरून घातलं होतं, आणि डब्यावर स्वतःचं नाव घालायचं ठरवलं होतं. "घरी नेतो, उद्या सांगतो," नाकवाले नेहमीसारखे म्हणाले. "उद्या कशाला? मीच येतो की तुमच्याबरोबर," मालक म्हणाले. मालकांना नको कसं म्हणायचं?

एवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. खोलीत धूर इतका, की भिंतीवरचं घड्याळ दिसेना. नाकवाल्यांनी आशेने तिच्याकडे बघितलं. बाई गं, घाल एकदाची शिवी!

"घ्या ना साहेब, चहा," बायको गोड हसून म्हणाली. "साखर बरोबर आहे ना?"

पाहुण्यांसमोर कधी नाही ती एवढी शहाणी झाली होती! त्यांनी मुद्दाम तिच्या अंगावर धूर सोडला. ती हसतच राहिली. त्यांनी तिच्या हातच्या विणलेल्या टेबलक्लॉथवर राख सांडली.

"असू दे हो, धुता येईल," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"कसा वाटतो गं वास?" त्यांनी शेवटी तोंडानेच विचारलं.

"छान आहे की!"

झालं, संपलं. आता छान म्हणावं आणि माल गिऱ्हाइकांनी परत पाठवला, तर नोकरी जाणार. वाईट म्हणावं आणि मालकांनी कारण विचारलं, तर आत्ताच जाणार. नाकवाल्यांनी डोळे मिटून पारख्यासारखं "हं" केलं. मग आणखी एक "हं" केलं.

"एका पाइपात कळत नसेल तर अजून एक भरू," मालक म्हणाले आणि त्यांनी डबी उघडली. "मीही भरतो."

"अजून एक?" बायकोच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला. "अहो, माणसं आहात का कोण? कुणीतरी चामड्याची चप्पल ओल्या पोत्यात गुंडाळून जाळतंय माझ्या घरात! आणि पोतं तरी किती? अर्धं पोतं कमी घातलं असतं तर निदान चप्पल आहे हे तरी कळलं असतं!"

मग तिने स्वतःच तोंडावर हात धरला. नाकवाल्यांनी डोळे उघडलेच नाहीत. एवढ्या वर्षांत तिने इतका नेमका अभिप्राय दिला नव्हता, आणि दिला तो थेट मालकांच्या तोंडावर. आता उद्यापासून कुठे काम शोधायचं, याचा ते विचार करू लागले.

"म्हणजे सिगारचं पान निम्मं करायला हवं," मालक हळूच म्हणाले.

नाकवाल्यांनी दचकून डोळे उघडले. सवयीने हेच वाक्य त्यांच्याही ओठांवर आलं होतं. मालकांनी पाइप विझवून बाजूला ठेवला होता. ते रुमालाने डोळे पुसत होते आणि हसतही होते.

"वहिनी, आमची बायको हयात होती तोवर प्रत्येक मिश्रण तिच्या अशाच शिव्या खाऊन बाजारात जायचं. मला कुठे काय वास येतोय! ती गेली आणि घरात खरं बोलणारं कुणी उरलं नाही. पण नाकवाल्यांचे अभिप्राय ऐकले, की वाटायचं, यांच्या घरी आहे कुणीतरी. म्हणून तर आज मागे लागून आलो."