पाठ झालेली ओळ

“शेवटची ओळ वाच,” चष्मेवाला म्हणाला.

“र, ग, म, ट, न, व, च,” त्याच्या मुलीने, ठकूने, एका दमात सांगितलं.

“झालं! डोळे ठणठणीत आहेत. डोकं दुखतंय ते त्या पत्रांपायी.”

दोन्ही पत्रं ठकूच्या मांडीवर होती. सकाळपासून तिने ती इतक्या वेळा उघडली आणि मिटली होती, की घडीवर कागद फाटायला आला होता. एक दूरच्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठाचं, चार वर्षांच्या पदवीसाठी. दुसरं गावाबाहेरच्या, दोन वर्षांत उपकरणं बनवायला शिकवणाऱ्या छोट्या तंत्रसंस्थेचं. दोन्हीकडे तिला घेतलं होतं. पाचच्या आत एकीकडे होकार कळवायचा, म्हणजे दुसरीकडची जागा आपोआप गेली. दुकानातल्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

“मग ठरलं का काही?” काउंटरमागून आईने विचारलं. ती एका चष्म्याच्या काडीत तिळाएवढा स्क्रू बसवत होती. मान वर न करता बोलायची तिला सवय होती.

“विद्यापीठाचं नाव मोठं आहे, असं आत्या म्हणते,” ठकू म्हणाली. “तिथलं ग्रंथालय चार मजली आहे. पण एका वर्गात तीनशे मुलं कोंबतात, असं दादा म्हणतो. संस्थेत अठराच मुलं, आणि पहिल्या दिवसापासून हातात काम. पण तिथून पुढचे रस्ते बंद होतात, असं आमच्या बाई म्हणतात.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“तेच तर सांगतेय ना, आई!”

आईने स्क्रू बसवला, चष्मा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, मगाशी ही तुमची अक्षरं वाचत होती, तेव्हा हिची नजर मांडीवरच्या पत्रावर होती.”

“काहीतरीच काय! सगळी बरोबर सांगितली तिने.”

“तेच म्हणतेय मी. बरोबर सांगितली, आणि बघितली नाहीत.”

चष्मेवाल्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. हा तक्ता ती चालायला लागल्यापासून इथेच टांगलेला होता. त्याने तिच्या मांडीवरून एका पत्राचं रिकामं पाकीट उचललं, कोऱ्या बाजूवर जाड पेनाने चार-पाच अक्षरं लिहिली आणि तक्त्यावर टाचणीने लावलं.

“हं. आता वाच.”

ठकूने डोळे बारीक केले. मान पुढे काढली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती जवळजवळ उभीच राहिली.

“हे... ‘घ’ आहे का?”

“मला काय विचारतेस? दिसतंय का?”

“नाही.”

“दुसरं?”

“नाही, बाबा. काळं काळं दिसतंय नुसतं.”

चष्मेवाला शेजारच्या स्टुलावर मटकन बसला. सगळ्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणारा माणूस. लोक पायवाटेवरून जाताना नुसते डोळे बारीक करतात, त्यावरून हा त्यांचा नंबर सांगायचा.

“दर वर्षी तपासतो मी तुला,” तो म्हणाला. “दर वर्षी!”

“मी काही मुद्दाम नाही केलं. तुम्ही विचारायचात आणि मला येत असायचं.”

“अगं, पण लांबचं दिसत नाही हे कधी बोलली नाहीस?”

“मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. फळ्याजवळ बसायचं, बसचा नंबर शेजारच्याला विचारायचा.”

आईला हसू फुटलं. तिने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. “जाहिरात करा आता दुकानाची!”

त्याने तपासणीची जड, काळी, गोल फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि पेटीतून भिंगं काढून एकेक बसवू लागला. हे बरं की ते? आता? आणि आता? प्रत्येक वेळी ठकू आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची.

“इकडे नाही. तिकडे बघ,” तो म्हणाला. “मला काही माहीत नाही.”

पाचव्या-सहाव्या भिंगाला पाकिटावरची अक्षरं एकदम उभी राहिली. घ, प, स, द, ल. तिने ती सावकाश, एकेक करून वाचली. मग तिची नजर घड्याळाकडे गेली.

“बाबा, याला सेकंदकाटा आहे?”

काटा फिरत होता. ठकू त्याची एक पूर्ण फेरी होईपर्यंत बघत राहिली.

“ती संस्था इथून किती लांब आहे?” तिने विचारलं.

“बसने वीस-बावीस मिनिटं.”

“मी तिथे कधी गेलेच नाही.”

आईने पुन्हा हातात घेतलेला चष्मा तसाच राहिला.

“आणि विद्यापीठ गं?”

“तेही नाही पाहिलेलं. पण ते आज पाचपर्यंत होणार नाही. हे होईल.” ती खुर्चीवरून उतरली. दोन्ही पत्रं तिने पिशवीत टाकली. “पाचच्या आत तिथूनच कळवेन. काय ते.”

“अगं, ती फ्रेम! गिऱ्हाईक आलं तर काय घालू त्याला?” चष्मेवाला दारापर्यंत गेला, पण तोवर ती पायऱ्या उतरलीही होती.

रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. थांब्यावरची दोन मुलं तर खुशाल हसली. ठकू त्यांच्याकडे पाठ करून वळणाकडे तोंड करून उभी राहिली. वळणावर बस दिसली, अजून बरीच लांब. तिने शेजारच्या बाईंना विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग नाकावरून घसरणारी ती जड फ्रेम दोन्ही हातांनी धरून ती स्वतःशीच बसची पाटी वाचू लागली.