गुडघा बरा हाय

बॉल रेषेवर पडला. पांढऱ्या पट्टीची कड घेऊन लाल मातीत उमटला आणि उसळला. संयोगिताने तो स्वच्छ पाहिला.

"आउट!" ती म्हणाली.

सांगलीतल्या या छोट्या टेनिस स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्यांना खुर्चीवर पंच नसायचा. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, हे ज्याचं त्याने सांगायचं. पलीकडे सतरा वर्षांची स्वप्नाली उभी होती आणि हा तिचा मॅच पॉइंट होता. संयोगिता गप्प राहिली असती तरी मॅच तिथंच संपली असती.

कुंपणाबाहेरून स्वप्नालीचे वडील, रामगोंडा, ओरडले, "खूण बघ जा! मातीत उठलीया!"

पोरगी नेटपर्यंत आली. पलीकडे येऊन खूण बघायचा तिला हक्क होता. तिने संयोगिताकडे पाहिलं. देशासाठी खेळून आलेली बाई. मग ती वडिलांकडे वळून म्हणाली, "आवं, ताई म्हणाल्या म्हंजे बाहेरच असणार की."

ती माघारी फिरली, आणि संयोगिताचा बूट खुणेवरून फिरला. काही गरज नव्हती. आता कुणी बघायला येणार नव्हतं. तरी फिरला.

त्यानंतर स्वप्नालीच्या हातातला जोरच गेला. ती रेषा सोडून मधे मधे मारायला लागली, आणि मधल्या बॉलपर्यंत छत्तिसाव्या वर्षीही पोचता येतं. संयोगिता जिंकली. हात मिळवायला आलेली पोरगी एकदम पाया पडायला वाकली, तेव्हा संयोगिताने तिला खांद्याला धरून अर्ध्यातच उभं केलं. तिच्याकडे बघणं मात्र जमलं नाही.

कुंपणाला लागून आकाराम बसले होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील. तिची मॅच जवळपास कुठंही असली की उंब्रजहून स्वतः गाडी चालवत तिला घेऊन यायचे. मॅच संपली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, आणि अलीकडे त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असे: कवा थांबणार? संयोगिताचं उत्तरही ठरलेलं. गुडघा सांगेल तेव्हा.

"गुडघा कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा हाय, आबा."

"मंग पाय कशाला घासला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला काहीतरी उलट बोलता आलं असतं. तिची बॅग आजवर त्यांनी कधी तिला उचलू दिली नव्हती. आज ते रिकाम्या हाताने गाडीकडे चालू लागले.

नळावर तिने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. इमारतीच्या मागून बॉलचा आवाज येत होता. मागच्या सरावाच्या कोर्टवर रामगोंडा बादलीतून एकेक बॉल टाकत होते आणि स्वप्नाली तोच फटका परत परत मारत होती. रेषेच्या बराच आत त्यांनी आपली टोपी ठेवली होती.

"टोपीवर मार," ते सांगत होते. "रेषेच्या नादाला लागू नगंस. तिथंच घात झाला."

मघाशी सपकन सुटलेला तो हात आता अर्ध्यातच आवरत होता. बॉल टोपीजवळ पडत होते, मऊ, कुणालाही परतवता येतील असे.

संयोगिताला बघून पोरीचा चेहरा खुलला. "ताई, बरं झालं आला. माझा तो बॉल बाहेर कसा गेला वो? मनगट वळलं का? मला तर लय भारी लागल्यासारखा वाटलेला."

हो म्हणणं सोपं होतं. मनगट वळलं म्हटलं असतं तरी तिने ते खरं मानलं असतं आणि बरोबर आलेला फटका आयुष्यभर दुरुस्त करत बसली असती.

"मनगट बरोबर होतं," संयोगिता म्हणाली. "बॉल आत होता."

रामगोंडांनी बादली खाली ठेवली.

"मी बघितला होता. बघूनच आउट म्हणाले. खूण पण मीच पुसली."

स्वप्नाली पुढे आली. "मंग... मी जिंकले हुते?"

"व्हय."

"तुमचा फोटो हाय आमच्या घरात," रामगोंडा म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "सकाळी निघताना ही त्याच्याम्होरं उभी हुती."

"मी आत्ता स्पर्धेच्या रेफरींना सांगून येते. उद्या मी खेळणार नाही. आता कुठंच खेळणार नाही."

"त्यानं हिची मॅच परत येती व्हय?"

"न्हाई येत."

स्वप्नाली रॅकेटच्या तारांत बोटं घालून उभी होती. तिने मान वर केली. "पण का, ताई?"

गुडघा, वय, घसरत गेलेलं रँकिंग, हे शेवटचंच वर्ष असं स्वतःला दरवर्षी दिलेलं वचन. पेपरवाल्यांना आणि स्वतःला सांगून सांगून गुळगुळीत झालेली कारणं तोंडाशी आली. त्या पोरीपुढे त्यातलं एकही बाहेर पडेना.

"मला हरायचं नव्हतं," ती म्हणाली.

स्वप्नाली चालत गेली, मातीतली टोपी उचलून तिने वडिलांच्या हातात दिली.

"मला पण नव्हतं," ती म्हणाली.