आठ खाटांचा वॉर्ड

"आबा, कण्हा आता. साहेबांची जीप आली," वॉर्डातला शिपाई सोपान कुजबुजला आणि दाराकडं पळाला.

आबाजींनी लाल कांबळं गळ्यापर्यंत ओढलं आणि कण्हायला लागले. शेजारच्या खाटेवर धोंडाबाईनं छाती धरली. पलीकडं पणदरे गावची माणसं निपचित पडली. आठही खाटांवर धडधाकट माणसं होती.

सरकारी दवाखान्यातला हा हृदयविकाराचा विभाग पुण्याला हलवायचा घाट चालला होता. कारण काय, तर खाटा रिकाम्या राहतात. वर्षामागं याच वॉर्डानं आबाजींना मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

"रिकाम्या दिसत्यात व्हय? मग भरू की," असं तेच म्हणाले होते. सोपान लगेच तयार झाला. बातमी फुटू नये म्हणून घरीसुद्धा कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. इंदापूरच्या बाजाराला जातो, असं बायकोला, सारजाबाईंना, सांगून आबाजी आपल्या गावाहून, अंथुर्ण्याहून, निघाले होते.

तपासणीला आलेले मोठे डॉक्टर त्यांच्या खाटेशी थांबले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. आबाजींना खरोखरचा घाम फुटला. आता चोरी उघडी पडणार!

"कुठं दुखतं, बाबा?"

"हितं... लई कळ येतीया. हे बंद झालं तर आमी कुठं जायाचं, साहेब?"

डॉक्टरांनी नळी काढली. सोबतच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "सगळा वॉर्ड भरलाय. विभाग इथंच राहू द्या."

जीप गेली आणि धोंडाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. आबाजींनी चौकात पेढे घेतले आणि एस्टीत भेटेल त्याच्या हातावर ठेवले.

अंथुर्ण्यात उतरले तेव्हा दिवस कलला होता. घराच्या अंगणात माणसं जमलेली. बातमी आपल्याआधीच पोचली, असं वाटून त्यांनी पुडा उंच धरला.

"जितलो रं! दवाखाना ऱ्हायला!"

थोरला मुलगा दादासो पुढं आला. त्याचे डोळे सुजले होते.

"कुठं व्हता, आबा? बाजारात माणूस धाडला, तुमी गावला न्हाय. आईच्या छातीत कळ आली. पुण्याला न्हेताना मोरगावच्या अलीकडंच गेली ती."

"पुण्याला?" आबाजींनी पुडा खाली घेतला. "आरं, आपला दवाखाना सोडून पुण्याला कशापायी न्हेली?"

"तितंच न्हेली व्हती पयल्यांदा. फाटकावरनंच परतवलं, आबा. म्हणालं, आज एक बी खाट रिकामी न्हाय."