बाबांच्या वाटणीची भाकरी

आई काटवटीत बाजरीची भाकरी थापत होती. पौषातली थंडी, म्हणून आम्ही तिघं भावंडं एकाच वाकळेत शिरून चुलीपुढं बसलो होतो. दार वाजलं, तशी ती पिठाच्या हातानंच बाहेर गेली.

शेजारचे दगडूनाना आले होते. खाणीत दरड कोसळून बाबा गेल्याचं त्यांनी सांगितलं. मयताच्या घरात चूल पेटती ठेवत नाहीत, म्हणून म्हणाले, "वैनी, चूल विझवा."

आई म्हणाली, "पोरांच्या पोटात सकाळपासून काही नाही, नाना. ती जेवेपर्यंत मला हे कळलंच नाही, असं धरा."

हे नानांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या संध्याकाळी आईनं आत येऊन नुसती कडी लावली. "गाणं म्हणा रे, मोठ्यानं," म्हणाली आणि भाकरीच्या थापांवरच ठेका धरला. बाहेर माणसं जमत होती, पण आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

"आई, तुझा आवाज कोंबड्यासारखा फाटलाय," धाकटा दामू म्हणाला.

"धूर गेलाय घशात. तू जेव."

शेवटची भाकरी रोज बाबांसाठी झाकून ठेवलेली असायची. त्या दिवशी आईनं तिचे तीन तुकडे केले आणि गूळ घालून आम्हाला वाढले.

"आणि बाबांना?" मी विचारलं.

"त्यांना आज नको."

आम्ही खुशीत पितळ्या बडवल्या. हात धुऊन झाल्यावर आईनं चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, कडी काढली आणि म्हणाली, "या नाना. सांगा आता."