न दिसणारी फुली

"जरा ही जाहिरात घालव गं," घड्याळं दुरुस्त करणारे अण्णा लेकीला म्हणाले. बातम्या वाचता वाचता कॉम्प्युटरवर पडदाभर जाहिरात पसरली होती आणि ती बंद करायची फुली त्यांना काही केल्या सापडत नव्हती. सुट्टीवर आलेल्या लेकीने खुर्ची ओढली. करड्या पट्टीवरची करडी फुली तिने न शोधताच दाबली आणि पुन्हा जाहिराती येऊच नयेत अशी सोयही करून दिली.

"कमाल आहे," अण्णा म्हणाले. "मी रोज पडद्याला नाक लावून शोधायचो. चष्मा बदलला, तरी दिसेना. म्हटलं, साधी फुली दिसत नाही, तर लोकांची घड्याळं कशाला बिघडवायची? गेल्या महिन्यात दुकान विकून टाकलं."

लेकीचा हात माऊसवरच राहिला. तुमचे डोळे चांगले आहेत, फुली दिसू नये अशीच केलेली असते, हे सांगायला हवं होतं. पण मग, असलं काम करतं तरी कोण, असं त्यांनी विचारलं असतं. ऑफिसात ते काम तिच्याकडेच होतं.

"बरं केलंत अण्णा," ती मान खाली घालून म्हणाली. "आता आराम करा."