तीन हाका
मुंबईच्या पेपरात केळव्याच्या खुनाची बातमी फोटोसकट आली आणि पालघर स्टेशनवर माझ्या टांग्याला उसंत मिळेना. दर रविवारी माणसं 'ते घर' बघायला यायची. नवऱ्यानं बायकोवर कोयता कसा चालवला, हे मी वाटेत रंगवून सांगायचो. मरताना ती तीनदा 'आये' म्हणून ओरडली, हे मी पदरचं घातलेलं. पण तिथं बायका हटकून डोळे पुसायच्या. एका रविवारी एक म्हातारी एकटीच बसली. तिलाही सगळं ऐकवलं. घरापाशी उतरल्यावर तिनं कमरेची किल्ली काढून दाराचं कुलूप उघडलं. माझ्या हातातला चाबूक खाली आला. उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, "शेजारी बोलतात, कायपन आवाज नाय आला. लेकीनं मला खरंच हाक मारली?" नाही म्हणायला जीभ रेटेना. मी मान डोलावली. "तीनदा मारली, नि कोनी धावलं नाय?"