डब्यातला फोन

डब्यातला फोन वाजला की लेप फसला. प्रयोगशाळेत ही रीत हेमांगीच्या नवऱ्यानं, यशोधननंच पाडली होती. लोखंडाच्या बारीक भुकटीच्या कणाकणावर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा, ती रंगात कालवायची, मोबाइलच्या लहरी अडवणारा तो रंग डब्याला आतून फासायचा. मग स्वतःचा फोन आत ठेवून, झाकण लावून तो हेमांगीला म्हणायचा, "लाव गं." फोन दर वेळी वाजायचाच.

तो गेल्यावरही तिनं त्याचा तोच फोन चालू ठेवला. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम ती पुरं करतेय, असं सगळे म्हणत. खरं तर लेप फसला की तिला बरं वाटायचं. रिंगटोन म्हणून त्यानं भरून ठेवलेली स्वतःची शीळ बंद डब्यातून ऐकू यायची.

आज तिनं झाकण घट्ट लावून नंबर लावला. डबा गप्पच राहिला.

"मॅडम, जमलं! अडवलं एकदाचं!" सहकारी ताम्हाणे ओरडला आणि साहेबांना सांगायला धावला. हेमांगीनं डब्याला कान लावला.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर यशोधनचं नाव होतं. डबा तसाच बंद होता. तिनं फोन कानाला लावला.

"हेमा," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "रोज तुझी हाक यायची. आज मला कशात कोंडलंस गं?"